किती माणसांचं पातेलं

पातेलं टेम्पोत चढवताना थोरलीने एका कडेला धरलं, धाकटीने दुसऱ्या, आणि दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. त्यांची सासू आधीच मागे चढून विटांच्या चुऱ्यावर पोतं अंथरून बसली होती. तिने पाय पसरून पातेलं दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ओढून घेतलं. नाहीतर पहिल्याच वळणावर ते टेम्पोभर लोळलं असतं.

"आई, नीट धरा हां. पोचा आला तर भांडीवाला वजनात कापेल," थोरली म्हणाली.

"पोच्याने वजन कसं कमी होईल?" धाकटी म्हणाली. "पितळ तेवढंच राहतं ना."

"तुला बाई सगळं ठाऊक."

धाकटीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि रस्त्याकडे तोंड केलं. टेम्पो सुरू झाला.

सासूला सगळे साचेवाली म्हणत. विटा थापणाऱ्या वस्तीत बायका पुष्कळ होत्या, पण साचा धरावा तिनेच. लाकडी साचा पाण्यात बुडवायचा, आतून वाळू फिरवायची, चिखलाचा गोळा एका फटक्यात आत मारायचा, वरचा जास्तीचा चिखल काढायचा आणि साचा पालथा करून वीट जमिनीवर सोडायची. या सगळ्याला दोन श्वास लागतात. साचेवाली ते एका श्वासात करत असे. नवरा गेला तेव्हा थोरला शाळेत होता आणि धाकटा कडेवर. दोघांना तिने त्या साच्यावरच वाढवलं. आता हात अजून चालत होते, गुडघे मात्र बोलायला लागले होते.

भांडणाचं कारण म्हटलं तर एक ताडपत्री. धाकटीचं बाळ नवं होतं आणि तिच्या खोलीच्या दारातून वारा सरळ आत येई, म्हणून धाकट्याने विटांवरची ताडपत्री काढून दाराला बांधली होती. आभाळ महिनाभर कोरडं होतं. पावसाचे दिवसही नव्हते. मग एका दुपारी ढग आले ते थेट डोक्यावरच. थोरला ओरडत आला, "ताडपत्री काढ, ताडपत्री." आत धाकटी बाळाला अंघोळ घालत होती, दार लावलेलं होतं, आणि धाकट्याने ताडपत्री बांधली होती ती तारेने. तार सुटेपर्यंत पटांगणात उभ्या केलेल्या कच्च्या विटांच्या ओळी खाली बसल्या. कडा गेल्या, मग ओळी गेल्या, मग नुसता चिखल उरला. साचेवाली रिकामी पोती घेऊन धावली होती. शेवटच्या ओळीवर तिने पोती टाकली आणि ती पोती उडू नयेत म्हणून स्वतः वर ओणवी झाली. तेवढ्या वाचल्या. त्या दिवसापासून उठताना तिला भिंत लागते.

"तुमच्या आडोशापायी आमची थापणी गेली," थोरला म्हणाला.

"ढग आल्यावर सांगायला आलास. आधी काय झोपला होतास?" धाकटा म्हणाला.

पुढचं सगळं इतकं भरभर झालं की जणू दोघे कधीपासून त्याची वाटच बघत होते. पटांगणाच्या मधोमध दोरी ताणली. ढकलगाडी थोरल्याला, पाण्याचा पंप धाकट्याला. फावडी, घमेली, साचे, पोती, एकेक करून दोन ढीग झाले. ताडपत्री मधोमध फाडली. अर्धी ताडपत्री कशालाच पुरत नाही हे दोघांनाही माहीत होतं. स्वयंपाकाच्या खोलीत पत्र्याची भिंत उभी राहिली. राहिलं ते मोठं पातेलं, कारण ते मधून कापता येत नव्हतं. धंदा बरा होता तेव्हा घरचे आणि कामावरचे सगळे त्यातलंच जेवत. ते मोडीत घालायचं आणि त्याच्या बदल्यात दोन लहान पातेली आणि बाकीचा सटरफटर संसार आणायचा असं ठरलं.

आई कुणाकडे जेवणार हे तेवढं कुणी बोललं नाही. तिची खाट मधल्या बोळात होती ती तिथेच राहिली. वाटणीत तिचं नाव निघालं नाही, आणि निघणार तरी कसं, ती काही फावडं नव्हती.

साचेवालीने विचारलं नाही. विचारलं की मुलगे एकमेकांकडे बघणार, आणि ते बघणं तिला बघावं लागणार. तिने मनाशी वेगळंच धरलं होतं. बाजारात आपण बरोबर जायचं. बायका भांडी घेतील. कुठलं पातेलं किती जणांचं असतं हे तिला नुसतं बघून कळत होतं. जिचं पातेलं एका माणसाने मोठं, तिच्याकडे आपण. बोलायची गरजच नाही.

टेम्पोत ती दोन्हीकडचा अंदाज घेत राहिली. थोरलीची दोन्ही पोरं तिच्याच मांडीवर मोठी झालेली. पण धाकटीचं बाळ अजून अंगावरचं, ते घरी कोण सांभाळणार? कधी तिला थोरलीचं पटे, कधी धाकटीचं. पातेल्याच्या काठावर अंगठा फिरवत ती दोन्हीकडे थोडं थोडं राहून आली.

भांड्यांचं दुकान अरुंद आणि खोल होतं. छतापर्यंत भांडी टांगलेली, जमिनीवर गवतात बांधलेली काचेची भांडी, आणि मधे उलट्या पिंपावर मांडी घालून भांडीवाला. त्याला सर्दी झाली होती. तो जागचा न उठता लांब काठीच्या आकड्याने वरची भांडी खाली काढे आणि ती अलगद गिऱ्हाइकाच्या हातात उतरवे.

"या ताई. लग्न आहे का घरात?"

"नाही हो. वेगळ्या चुली झाल्यात," थोरली म्हणाली.

"म्हणजे तेच. खरेदी तेवढीच." तो हसला आणि शिंकला. मग त्याने मोठं पातेलं कलतं करून बुडाशी नख ओढलं. नखात काळा चुरा आला. "आणि हे काय? काजळी विकताय की काय मला? मागे नळ आहे. घासून आणा, मग तोलतो."

"द्या, मी घासते," धाकटी म्हणाली, पण तिच्या खांद्यावर बाळ होतं.

"अगं राहू दे. मी जाते," साचेवाली म्हणाली.

दुकानाच्या मागे एक चौकोन होता. नळ, फरशी, आणि दुकानाकडे उघडणारी एक झरोक्यासारखी खिडकी. साचेवाली भिंतीला हात लावून खाली बसली. पातेल्यात अजून थोडा विटांचा चुरा होता, तोच तिने कामी घेतला. ओल्या पोत्याचा तुकडा, चुरा, आणि गोल गोल हात. काळं सुटून फरशीवरून वाहायला लागलं. खिडकीतून आतलं सगळं ऐकू येत होतं.

"ही चाळणी बघा, जाळी किती बारीक. पीठ काय, वाराही गाळून घेईल."

"वारा गाळून आम्ही काय करू?" धाकटी म्हणाली. "सांडशी दाखवा. पकडल्यावर सुटणारी नको. मागच्या वेळी यांच्या पायावर दूध सांडलं."

"मग काय म्हणाले?" थोरलीने विचारलं.

"म्हणाले, सांडशी वाईट आहे की तुझा हेतू?"

दोघी हसल्या. ताडपत्रीनंतर त्या पहिल्यांदाच एकत्र हसत होत्या. साचेवालीचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

"कढई जाड बुडाची हवी का?"

"जाडच. पातळ बुडाला सगळं लागतं."

"डबे घ्या, झाकण घट्ट आहे. मुंगी शिरली तर पैसे परत."

"मुंगी परत आणून दाखवायची का?"

"तिला ओळखू कशी मी? सगळ्या सारख्याच."

पुन्हा हसणं. बादल्या निघाल्या, पळ्या निघाल्या. थोरली किसणीवर बोट फिरवून बघत होती असा आवाज आला. मग भांडीवाल्याची काठी छताला खटकन लागली.

"आता पातेली. थोरल्या वहिनी आधी. किती माणसांचं?"

साचेवालीने नळ बारीक केला.

"चार," थोरली म्हणाली. "आम्ही दोघं आणि दोन पोरं."

थोरलीने विचार केला नव्हता. विचार करून बोलली असती तर वेगळं वाटलं असतं. हे आकडे माणसाच्या तोंडात तयारच असतात.

म्हणजे धाकटीकडे, साचेवालीच्या मनात आलं. बरंच झालं. बाळ अंगावरचं आहे, रात्री उठतं, तेल कोण लावणार? थोरलीची पोरं आता मोठी झाली, त्यांना आजी कशाला लागते? तिने पातेल्याच्या कानाजवळची, जिथे बोट जात नाही तिथली काजळी नखाने खरवडायला घेतली.

"तुम्हाला किती जणांचं?"

"आम्ही दोघंच हो," धाकटीचा आवाज आला. "बाळाचं काय, वाटीभर. सगळ्यात लहान द्या. मोठं भांडं घेतलं की उगाच जास्त शिजतं आणि वाया जातं."

नळ वाहत होता. साचेवालीने पातेलं फिरवलं आणि आधी घासलेली बाजू पुन्हा घासायला घेतली. बराच वेळ ती तेवढीच बाजू घासत राहिली, पितळेत तिचे हात दिसायला लागेपर्यंत.

आत येताना तिने पातेलं पोटाशी धरलं होतं, त्याचं पाणी तिच्या अंगावर उतरत होतं. भांडीवाल्याने ते तिच्या हातून घेऊन काट्याला लावलं.

"वा मावशी. नवं काढलंत." मग तो समोर मांडलेल्या दोन पातेल्यांकडे आणि समोर उभ्या असलेल्या तीन बायकांकडे बघायला लागला. रोज माणसं मोजूनच भांडी विकत होता तो. "एक विचारू? चार तिकडे, दोन इकडे. मावशी तुम्ही कुणात?"

थोरलीच्या हातातली किसणी हातातच राहिली.

"आई ना? आई आमच्याकडेच," ती म्हणाली. "विचारायचं काय त्यात? माझी पोरं त्यांनीच तर वाढवली."

"असं कसं ताई?" धाकटी लगेच म्हणाली. "बाळाला कोण बघणार? आई माझ्याकडे. मी तर धरूनच चालले होते."

"तू धरून चाललीस, पण मोठा मुलगा कोण?"

"मोठेपणाचा काय संबंध? त्यांना माझ्याकडे बरं वाटतं."

"त्या म्हणाल्या तसं?"

"बघा मावशी, नशीब काढलंत," भांडीवाला म्हणाला. "आमच्या आईला आम्ही तिघे भाऊ तीन दिशांना ढकलतो. इथे दोघी ओढतायत." त्याने काठी उचलली. "मग बोला. कुणाचं पातेलं एक नंबर मोठं देऊ?"

दुकानात टांगलेली भांडी वाऱ्याने एकमेकांना लागत होती.

"मोठं कशाला?" थोरली म्हणाली. "आई खातात किती. यातच भागतं."

"आमचंही भागेल की," धाकटी म्हणाली. "माझं तर दोघांचं म्हणून आहे, पण त्यात अडीच बसतात."

"मावशी, तुम्ही सांगा."

साचेवालीने दोन्ही पातेली जमिनीवर ठेवून एकेक करून काठाला बोट लावलं. थोरलीचं पातेलं जरा डुगडुगलं.

"याचं बूड सपाट नाही," ती म्हणाली. "हे बदलून द्या. आकार हाच राहू द्या."

ताटं निघाली ती चार आणि दोन. पेले तसेच. मोडीचं वजन बसलं, वरचे पैसे थोडे थोरलीने दिले, थोडे धाकटीने. भांडीवाल्याने दोन गाठोडी बांधली आणि मग त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, गवतातून एक कडा चेपलेली वाटी काढून साचेवालीपुढे धरली.

"ही माझ्याकडून. तुम्हाला."

"बरी झाली बाई," धाकटी वाटी घेत म्हणाली. "बाळाला वाटी घ्यायची राहिलीच होती."

साचेवाली हसली. अशा वेळी दुसरं काय करतात, तिला माहीत नव्हतं.

परतीच्या टेम्पोत दोघी आपापलं गाठोडं मांडीवर घेऊन चाळणीबद्दल बोलत होत्या, की दोघींत एक घेतली असती तर चाललं असतं. साचेवालीची मांडी रिकामी होती. वळणावर तिला धरायला काही नव्हतं म्हणून ती चुऱ्यावर हात टेकून बसली.

दुसऱ्या दिवसापासून दोन चुली पेटल्या. दोन्हीकडे चिखल होता, थापणी मागे पडली होती, आणि साचा नीट धरणारी एकच होती. तेव्हा मुलग्यांचं चटकन जमलं. दोरीच्या दोन्ही बाजूंना उभं राहून त्यांनी ठरवलं.

"सकाळची आई माझ्याकडे."

"आणि दुपारनंतर माझ्याकडे."

"चालेल."

पत्र्याची भिंत उभी राहिल्यापासून दोघांचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

सकाळी साचेवाली थोरल्याच्या बाजूला बसली. थोरला चिखल तुडवत होता, पोटऱ्यांपर्यंत आत, आणि थोरली घमेल्याने गोळे आणून टाकत होती. विटा जमिनीवर सुटत गेल्या, ओळीला ओळ लागत गेली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा थोरलीने हात धुतले, पोरांना हाक मारली, आणि मग सासूकडे वळून अगदी मायेने म्हणाली, "आई, उठा आता. धाकटी वाट बघत असेल. दुपारी तुम्ही तिकडच्या ना?"

साचेवाली उठली, दोरी ओलांडली. धाकटीच्या बाजूला चूल विझली होती. धाकटी उंबऱ्यात बसून बाळाला पाजत होती आणि नवं पातेलं धुऊन उन्हात पालथं घातलं होतं.

"आलात? बरं झालं. हे केव्हाचे चिखल करून बसलेत. ताईंकडे जेवण झालंच असेल ना?"

धाकटीच्या बोलण्यात कुठेही खोट नव्हती. ज्याचं काम केलं त्याच्याकडे माणूस जेवतो, तिचा हिशेब सरळ होता. थोरलीचाही सरळ होता: ज्याच्या कामाला निघाली त्याने जेवायला घालायचं. दोन्ही सरळ हिशेबांच्या मध्ये साचेवाली चिखलाच्या हातांनी उभी होती.

"झालं," ती म्हणाली.

संध्याकाळी दिवा लागायच्या वेळी धाकटी म्हणाली, "आई, आता ताईंकडेच ना? पोरं आजी आजी करत असतील." आणि थोरली ताटं उचलता उचलता म्हणाली, "आज धाकटीने काय केलं होतं?" साचेवालीला वासावरून ठाऊक होतं. तिने सांगितलं. पोरांच्या ताटात काही उरलं होतं ते थोरलीने तिच्यापुढे सरकवलं. "टाकून कशाला द्यायचं? चार घास खा." ते चार घास तिने सावकाश खाल्ले, पोट भरलेल्या माणसासारखे.

असे दिवस जायला लागले. कधी थोरल्या नातवाने अर्धा तुकडा हातात दिला, कधी धाकटीने बाळाच्या वाटीतलं खरवडून दिलं. पाणी मात्र दोन्हीकडे हवं तेवढं होतं. एकदा तिला वाटलं, सांगावं. सकाळची वेळ होती, थोरला शेजारीच चिखल तुडवत होता. तिने तोंड उघडलं तेवढ्यात तोच बोलला.

"आई, कोपरे मऊ येतायत तुझे. ही ओळ बघ. दाबून मार ना गोळा."

"मारते," ती म्हणाली.

"बरं नाहीये का?"

"बरं आहे."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि पुन्हा तुडवायला लागला. त्याचेही डोळे खोल गेले होते. त्याला पाऊस पडायच्या आधी भट्टी लावायची होती, आणि एका माणसाच्या चिखलाने भट्टी लागत नाही हे तो रोज रात्री नव्याने शोधून काढत होता. पत्र्यापलीकडे धाकटाही तेच शोधून काढत होता.

मग एका संध्याकाळी थोरलीने पातेल्यात पळी फिरवता फिरवता पत्र्यावर हात मारला.

"अगं ए. आईंचं तिकडे झालं का गं?"

"नाही. तुमच्याकडे नाही का?"

"माझ्याकडे कुठलं? तुझ्याकडे दुपारचं होतं ना?"

"दुपारचं तुमच्याकडे होतं ना?"

 मग दोन्ही दारं उघडली. थोरली हातात पळी घेऊन आली, धाकटी बाळ घेऊन. साचेवाली बोळात खाटेपाशी, पाण्याच्या घमेल्यात साचा धूत बसली होती. दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. थोरलीने तिच्या मनगटाकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

"आई, तुम्ही जेवता ना?"

दोघींच्या चेहऱ्यावर जे होतं ते साचेवालीने ओळखलं. पटांगणात ढग बघून थोरल्याच्या चेहऱ्यावर असंच काहीतरी होतं. आणि दोघींची पातेली केवढी आहेत हे तिला पक्कं माहीत होतं. बूड तिनेच तपासलं होतं. एकीने घास काढला तर तो त्या घरातल्या कुणाच्या तरी ताटातून निघणार, आणि त्यावरून पत्र्यापलीकडे आवाज चढणार.

"माझं झालं," ती म्हणाली.

"कुठे झालं?"

"झालं म्हटलं ना. या वयात लागतं किती."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने बाळाला थोपटलं.

"त्या सांगतायत ना झालं म्हणून," थोरली म्हणाली.

"हो ना. भूक असती तर मागितलं असतं की. आपण काय परक्या आहोत?"

"तेच म्हणते मी."

दोघी आणखी थोडा वेळ थांबल्या. मग थोरली म्हणाली की दूध उतू जाईल, आणि आत गेली. धाकटीचं बाळ रडायला लागलं. दोन्ही दारं लागली. ताटं मांडल्याचे आवाज आले, पोरांचं भांडण ऐकू आलं, मग बोलणं कमी झालं. बऱ्याच वेळाने पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी पातेली घासल्याचा आवाज यायला लागला.

साचेवालीने साचा भिंतीला टेकवला. उद्याच्या चिखलावर ओली पोती टाकायची राहिली होती, आधी थोरल्याच्या बाजूला, मग धाकट्याच्या. रात्रीच्या वाऱ्याने वरची साय सुकली की सकाळी गोळा तुटतो. तिने भिंतीला हात लावला आणि उठायला गेली. जमलं नाही. हात भिंतीलाच ठेवून ती खाली बसून राहिली, दम परत येईपर्यंत, कारण पोती तर टाकायचीच होती.